रुमालाखालचा भाव

खरसुंडीच्या जत्रेला वडिलांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी सातवीत होतो. आधी सिद्धनाथाचं दर्शन, मग बाजार, हा त्यांचा क्रम ठरलेला. बाजारात खिलार जनावरांच्या दावणीच्या दावणी. आमच्या एका बैलाला जोड हवा होता. वडिलांनी एक चौसा खोंड हेरला. दात बघितले, खूर बघितले, दहा पावलं चालवून बघितला. मग हेडी पुढं आला. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून वडिलांच्या हातावर टाकला आणि दोघांचे हात रुमालाखाली गेले. तोंडानं कुणी बोलेना. बोटं दाबायची, सोडायची, मान हलवायची. मी वडिलांच्या धोतराला चिकटून उभा, पण मला काही उमगेना. भाव ठरला तो त्या दोघांना ठाऊक आणि सिद्धनाथाला ठाऊक.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "आण्णा, भाव उघड का न्हाय बोलत?"

"पैसा माझा, खोंड त्याचा. लोकांचं काय त्यात?"

मला ते पटलं. पण त्याच वर्षी गावानं भंडाऱ्यासाठी भांडी घ्यायची म्हणून घरटी पट्टी काढली. वडील आणि आणखी दोघं विट्याला जाऊन हंडे, पातेली, कढया घेऊन आले. बैलगाडी चावडीपुढं थांबली. एकही भांडं खाली उतरवायच्या आधी वडिलांनी खिशातली पावती काढली आणि मास्तरांना मोठ्यानं वाचायला लावली. वजन किती, दर काय, एकूण किती, शिल्लक किती. एक म्हातारा म्हणाला, "तांब्याचा दर जास्त लागला वाटतं." वडील म्हणाले, "आसंल. पुढच्या बारीला तुमी चला संगं." आणि पुढच्या खेपेला तो म्हातारा खरंच गेला.

तोच माणूस, तोच खिसा. स्वतःच्या पैशाला रुमाल, गावाच्या पैशाला चावडी. या दोन गोष्टींतला फरक मला कळायला पुढची चाळीसेक वर्षं लागली. तेही ठेच लागून.

2003 चा उन्हाळा माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. पाऊस सलग रुसलेला, जनावरं छावणीला, माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली. मी तेव्हा ग्रामपंचायतीत मेंबर होतो. गावच्या नळपाणी योजनेच्या विहिरीला तळात थोडं पाणी होतं, तेवढाच आधार. आणि नेमकी एप्रिलात मोटर जळाली. गुंडाळणी दोनदा भरून झाली होती, मिस्त्री म्हणाला आता हिच्यात काही राहिलं नाही. बायका घागरी घेऊन पंचायतीच्या दारात बसल्या. त्यांत माझी आईही होती.

मी तालुक्याच्या ओळखीच्या दुकानात गेलो. माणूस सचोटीचा. माझ्या स्वतःच्या विहिरीची मोटर त्याच्याकडचीच, आठ वर्षं तक्रार नाही. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर उधारीवर घेतली, टेंपोत घातली, रात्रीत विहिरीत सोडली. सकाळी नळाला पाणी. लोकांनी मला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

आठ दिवसांनी ग्रामसेवक म्हणाले, "आबा, बिल काढायचं तर तीन दरपत्रकं लागतात. एकाच दुकानाचं चालत नाही." मी दुकानदाराला फोन केला. तो हसला. "एवढंच ना?" त्यानं टेबलाचा खण उघडून आणखी दोन दुकानांची कोरी लेटरपॅडं काढली. एक मेहुण्याचं, एक मित्राचं. त्याचा स्वतःचा दर 18,800. मेहुण्याचा लिहिला 19,600, मित्राचा 20,100. शिक्के मारले. तुलनात्मक तक्ता तयार झाला, सगळ्यात कमी दर म्हणून त्याचंच दुकान मंजूर झालं, ठरावाखाली मी सही केली. तारखा मागच्या घातल्या.

या व्यवहारात मी एक रुपया खाल्ला नाही. दुकानदारानंही जास्त लावला नाही. मोटर चांगली निघाली. म्हणून मला कधी झोप लागली नाही असं झालं नाही. उलट नियम म्हणजे कागदी घोडे आणि आपण कामाची माणसं, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

मग 2017 साली गावात एलईडी दिवे बसवायचं ठरलं. मी तोवर पंचायतीतून बाहेर पडलो होतो. दिवे बसले, चार महिन्यांत निम्मे मिचकायला लागले. नातवानं तालुक्यात सहज चौकशी केली, तर तसाच दिवा 1,700 रुपयांना. पंचायतीनं किती दिले? कुणी सांगेना. शेवटी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. 2005 च्या त्या कायद्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कागद मिळाले. दर दिव्याला 2,900. असे 60 दिवे. म्हणजे 1,74,000 रुपये, जिथं 1,02,000 मध्ये काम झालं असतं. रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या आत, म्हणून तीन दरपत्रकं पुरेशी. आणि तीन दरपत्रकं होती. तीन निराळी दुकानं, तीन निराळे शिक्के. पण तिन्ही कागदांवर 'दीवे' असं लिहिलेलं, दि दीर्घ. तीन दुकानदार, आणि चूक एकच. मी दहावीपर्यंतच शिकलो, पण आमच्या मास्तरांनी र्‍हस्वदीर्घासाठी छड्या खाऊ घातल्यात. मला ते लगेच दिसलं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. कागद हातात. सगळं वाचून दाखवलं. लोक गप्प ऐकत होते. सरपंच माझ्या पोराच्या वयाचा, लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेला. तो शांतपणे उठला, कपाटातून एक जुनी फाइल आणली आणि म्हणाला, "आबा, ही 2003 ची मोटरची फाइल. तिन्ही दरपत्रकांचं अक्षर एकच हाय. ठरावाखाली सही कुणाची हाय, तुमीच वाचा."

मी वाचली नाही. खाली बसलो. माझ्या हातातले कागदही खाली बसले.

घरी आल्यावर मी चिडचिड केली. बायकोला म्हणालो, "मी गावाला पाणी पाजलं. यांनी गावाचे पैसे खाल्ले. दोन्ही एकच का?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमची मोटर चांगली निघाली हे मला ठावं हाय, तुमाला ठावं हाय. फायलीला ठावं हाय का?"

त्या एका वाक्यानं मला बरेच दिवस छळलं. खरंच, फाइलीत काय दिसतं? प्रामाणिक माणसाची खोटी दरपत्रकं आणि लबाड माणसाची खोटी दरपत्रकं अगदी सारखी दिसतात. शाई तीच, शिक्के तसेच. मी चांगल्या हेतूनं जी पाऊलवाट पाडली, तिच्यावरूनच पुढचा माणूस गाडी घेऊन गेला. वाट पाडताना मी मनातल्या मनात धरलं होतं, की या खुर्चीवर कायम माझ्यासारखाच माणूस बसणार. आपला हेतू आपल्याबरोबर जातो. पाडलेली वाट मात्र गावात राहते.

तरीही एक प्रश्न सुटत नव्हता. नुकसान नेमकं कुणाचं झालं? दिव्यांत गावाचं झालं, ते 72,000 रुपयांत मोजता येतं. माझ्या मोटरीत कुणाचं झालं?

त्याचं उत्तर मला माझ्या भाच्याकडून मिळालं. तो तालुक्याला वकिली करतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मला एका जुन्या खटल्याची गोष्ट सांगितली. मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या वर्गाचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. विमानतळ प्राधिकरणानं निविदा काढली. अट अशी, की निविदा भरणारा नोंदणीकृत हॉटेलवाला पाहिजे आणि त्याला निदान पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. ज्याला काम दिलं, त्याला कँटीन चालवण्याचा दांडगा अनुभव होता, पण अटीत म्हटलं होतं तसला हॉटेलचा नव्हता. प्राधिकरणाचं म्हणणं, माणूस कामाचा आहे, पैसे जास्त देतोय, बिघडलं काय? रमण दयाराम शेट्टी नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांनी निविदा भरलीच नव्हती.

मी भाच्याला म्हणालो, "ज्यानं भरलीच न्हाय, त्याची तक्रार कशाची?"

"मामा, तीच तर गोम हाय. तो म्हणाला, ही अट ढिली आहे हे मला माहीत असतं, तर मीही भरली असती."

1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेल्या त्या निकालाचा मथितार्थ भाच्यानं सांगितला तो असा: सरकार काही आपल्या घरचा माल वाटत नाही. त्यानं एकदा अट जाहीर केली की तीच अट त्याच्यावरही बांधील. मनाला येईल त्याच्यासाठी ती सैल करता येणार नाही, कारण संविधानाच्या 14 व्या कलमानं समानता दिली आहे. गंमत अशी, की तत्त्व शेट्टींच्या बाजूनं लागलं, पण काम काही रद्द झालं नाही. ते कोर्टात उशिरा आले होते आणि तोवर समोरच्यानं खर्च करून व्यवसाय मांडला होता.

भाचा सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढं तालुक्याच्या स्टँडमागचं एक लहान दुकान आलं. 2003 साली एका पोरानं तिथं मोटर-पंपाचं दुकान नवीनच टाकलं होतं. आयटीआय झालेला, हात चांगला, पण ओळखीपाळखी नाहीत. त्या मोटरीनंतर वर्षभरानं तो मला बाजारात भेटला होता. चहा पाजला आणि म्हणाला होता, "आबा, तुमच्या गावाला मोटर पाहिजे होती म्हणं. मला विचारलं असतं, तर सतरा हजारांत दिली असती. वर दोन वर्षं दुरुस्ती फुकट. मला तेवढंच नाव झालं असतं." मी हसून विषय बदलला होता. पुढं दोन-तीन वर्षांत त्याचं दुकान बंद झालं. माझ्या एका मोटरीमुळं बंद झालं असं मी म्हणत नाही. पण पाच-पंचवीस गावांत माझ्यासारखे पाच-पंचवीस भले मेंबर असतील आणि सगळ्यांनी आपापल्या ओळखीच्याच दुकानाची पायरी चढली असेल, तर त्या पोरानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

ज्याचं नुकसान झालं, तो माणूस फाइलीत कुठंच नव्हता. त्याला कुणी नाकारलं नव्हतं. त्याला विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून सरकारी खरेदीच्या नियमांकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. तीन दरपत्रकांचा नियम केवळ स्वस्त माल मिळावा म्हणून नसतो. आपल्या ओळखीच्या उंबऱ्यापलीकडं दोन पावलं टाकायला तो आपल्याला भाग पाडतो. पण ती पावलं न टाकता नुसते ठसे उमटवले, तर तोच नियम रुमाल होतो. बाजारातला रुमाल बघणाऱ्याला सांगतो तरी, की खाली काहीतरी चाललंय. हा कागदी रुमाल म्हणतो, बघा, सगळं उघडं आहे.

मोठ्या कामांना आता ई-निविदा असते. घरबसल्या संगणकावर दिसते, दर वेळ झाल्याशिवाय उघडत नाही. ही चांगलीच गोष्ट. पण तिथंही पळवाटा मी ऐकल्यात, काही बघितल्यात. अटी अशा घालायच्या की एकाच पायात बसेल असा जोडा तयार व्हावा. अमुक इतका अनुभव, अमुकच मशीन, अमुक अंतराच्या आत प्लँट. जोडा आधी शिवायचा नसतोच, पाय आधी ठरलेला असतो. दुसरीकडं 'बिलो' जायची चढाओढ. अंदाजपत्रकाच्या पंचवीस टक्के खाली दर भरून काम घ्यायचं आणि मग खडी, डांबर, सिमेंट यांतून ते पंचवीस टक्के वसूल करायचे. आमच्या शिवेवरचा रस्ता असाच सगळ्यात कमी दरात झाला आणि दुसऱ्या पावसाळ्यात सगळ्यात आधी गेला. सगळ्यात कमी दर म्हणजे न्याय, असं मानणंही चुकीचंच. मापात आणि मालात काय देणार हे आधी बोललं पाहिजे आणि दिलं का, हे नंतर मोजलं पाहिजे. मोजमाप पुस्तिका ठेकेदाराच्या जीपमध्ये बसून लिहिली, तर निविदा कितीही स्वच्छ असून उपयोग काय?

हा रोग आजचाही नाही. जोतीराव फुल्यांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली होती आणि त्या खात्यातली खाबूगिरी त्यांनी आपल्या लिखाणात उघडी केली. आतून बघितलेल्या माणसानं बोलायला जास्त धीर लागतो. त्यांच्या पायाच्या धुळीची मला सर नाही, पण एवढं मलाही कळलं, की मी आतला होतो आणि आतल्या माणसानं गप्प बसून बाहेरच्यांकडं बोट दाखवलं तर ते बोट कुणी मानत नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी परत उभा राहिलो. पाय कापत होते, खोटं कशाला बोलू. म्हणालो, "2003 च्या मोटरीच्या ठरावाखालची सही माझी हाय. दरपत्रकं खोटी होती. मला ते ठावं होतं. गावाला पाणी तातडीनं पाहिजे होतं हे खरं, पण तातडी होती तर तसं लिहून ठेवून सभेपुढं सांगायला पाहिजे होतं. ते सोपं होतं. मी केलं न्हाय, कारण मला विचारणारं कुणी नको होतं. आता दिव्यांचं बोला."

मागून कुणीतरी हसलं. एकजण म्हणाला, "आता म्हातारपणी हरिश्चंद्र झाले." माझा धाकटा भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, घराची अब्रू घालवली म्हणून. सरपंच मात्र हसला नाही. त्याच्या हातात फाइल होती, पण ती आता नुसती फाइल होती, माझ्यावर उगारायची काठी राहिली नव्हती.

दिव्यांचे सगळे पैसे परत आले असं सांगितलं तर ती गोष्ट होईल. आले नाहीत. दुकानदारानं वीस-बावीस दिवे बदलून दिले, एवढंच. चौकशीचा अर्ज वर गेला, तो वरच राहिला. पण त्या सभेत एक ठराव झाला. पंचायतीला काही घ्यायचं असलं तर काय घ्यायचं, किती, कोणत्या प्रतीचं, हे आठ दिवस आधी चावडीच्या फळ्यावर आणि तालुक्याच्या दुकानांत कळवायचं. आलेले बंद लिफाफे लोकांसमोर उघडायचे. माल आला की पावती आधी वाचायची, मग माल उतरवायचा.

हे शेवटचं मी सुचवलं होतं. कुठून आलं ते मी सांगितलं नाही.

काहीजण म्हणतात, यात वेळ जातो. जातो. उघड बोललं की भांडणं होतात. होतात. शाळेच्या बाकांच्या वेळी दोन भाऊबंदांत अशी जुंपली की महिनाभर बाकं आली नाहीत, पोरं जमिनीवर बसली. मलाही वाटलं होतं, हे काय करून ठेवलं आपण. झटपट आणि न्याय या दोघांचं नेहमी पटतंच असं नाही. पण बंद दाराआडच्या घाईत ज्याचा बळी जातो, त्याला ओरडायलाही जागा नसते. फळ्यापुढं निदान ओरडता येतं. आणि उघडेपणा निर्णयाच्या आधी पाहिजे, हेही मी शिकलो. माहितीच्या अधिकारात मला कागद मिळाले तेव्हा दिवे खांबावर चढले होते. नंतर कळलेली गोष्ट म्हणजे पंचनामा. आधी कळली तर राखण.

मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीसाठी पाइप घ्यायचे होते. शाळेच्या व्हरांड्यात लिफाफे उघडले. चार आले होते. त्यांतला एक अशा दुकानाचा, ज्याचं नाव आमच्यातल्या कुणी ऐकलं नव्हतं. दर त्याचा दुसऱ्या नंबरला, म्हणून काम त्याला मिळालं नाही. तो पोरगा मागं मोटरसायकलला टेकून उभा होता. सगळे दर फळ्यावर लिहून झाल्यावर तो पुढं आला, आपला आणि पहिल्याचा आकडा बोटानं मेळवून बघितला, पाइपाची जाडी दोघांची एकच आहे ना, तेवढं विचारलं आणि "पुढच्या बारीला बघतो, आबा" म्हणून गाडीला किक मारून गेला.

तो हरला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. स्टँडमागच्या त्या दुसऱ्या पोराचा चेहरा मला आठवला. चहाचे पैसेही त्या दिवशी त्यानंच दिले होते.